अतिक्रमण कुणाचं? गोगलगायीचं की आपलं?



आवणीच्या दिवसांत कुणाला वाचायला वेळ नाही हे आम्हाला माहीत आहे. आमच्याही पायाला चिखलच आहे. तरी हा अंक मध्येच काढला, कारण पंधरा दिवसांत तीन पाड्यांवरून एकच निरोप आला. परसातला काकडीचा वेल एका रात्रीत गेला. मिरचीची रोपं बुडख्यापासून कापल्यासारखी पडली. पपईचं झाड उभं आहे, पण पानं नाहीत. आणि सकाळी उठून बघावं तर भिंतीवर, चुलीमागे, पाण्याच्या हंड्यावर मुठीएवढे शंख चिकटलेले. एका घरात तर लेकराच्या झोळीच्या दोरीवरून एक खाली उतरत होती. आईची नजर गेली म्हणून बरं.

ही शंखी गोगलगाय. पुस्तकात तिला आफ्रिकन गोगलगाय म्हणतात. आपल्या पाड्यांवर दोन पावसाळ्यांपूर्वी तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आता पोरं तिचे रिकामे शंख खेळायला घेतात.

आम्ही चौघं जण नुकसानीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. साहेबाने अर्ज वाचला नाही. आधी विचारलं, "सातबारा कुठाय?" आम्ही म्हटलं, "सातबारा नाय साहेब, वनहक्काचा दावा आहे, दाव्याची पोच आहे." साहेब म्हणाला, "मग ती फॉरेस्टची जागा. अतिक्रमणावर पंचनामा होत नसतो." आमच्यातल्या म्हाताऱ्या काकांनी शांतपणे विचारलं, "साहेब, मग गोगलगायीला तरी सांगा ना, ही जागा फॉरेस्टची आहे, इथं खाऊ नको." सगळं कार्यालय हसलं. अर्ज मात्र टेबलावरच राहिला. पोचही दिली नाही.

त्या हसण्यावर आम्ही एस. टी. त घरी येईपर्यंत बोलत होतो. त्यातूनच हा लेख झाला.

अतिक्रमण हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. आज्याने फोडलेली, बापाने बांध घातलेली, आईने दगड वेचलेली जमीन, आणि कागदावर काय, तर अतिक्रमण. आता खऱ्या अतिक्रमणवालीचा इतिहास बघा. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. तिथून मॉरिशस बेटावर आली. कंपनी सरकारच्या काळात विल्यम बेन्सन नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याला शंख गोळा करायचा नाद होता. त्याने १८४७ साली मॉरिशसच्या गोगलगायी आणून कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या. हौस म्हणून! त्या हौसेतून ती देशभर पसरली. कुणी तिला नोटीस दिली नाही. कुणी तिच्यावर गुन्हा नोंदवला नाही. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १८७८ मध्ये, त्याच गोऱ्या सरकारने जंगलाचा कायदा करून आपलं रान राखीव करायला घेतलं, आणि रानात राहणारा माणूस चोर ठरला. बाहेरून आणलेला प्राणी मोकळा, घरचा माणूस अतिक्रमणवाला. हा उलटा हिशोब अजून चालू आहे.

आमच्या पाड्यांवर ती कशी आली? ती फार हळू सरकते. डोंगर चढून स्वतःहून आली असेल असं कुणी सांगू नये. ती मातीतून, कुंडीतून, रोपांच्या पिशवीतून, वाळूच्या आणि विटांच्या गाडीतून फिरते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका योजनेची कलमं आली, काळ्या पिशव्यांत, मातीसकट. गाडी शाळेजवळ रिकामी झाली. पहिल्या गोगलगायी आम्ही बघितल्या त्या शाळेच्या कुंपणाशी आणि त्या कलमांच्या खड्ड्यांत. कागदावर दाखवण्याइतका पुरावा आमच्याजवळ नाही, पण डोळे आहेत. कलमं बरीचशी मेली. गोगलगायी जगल्या.

आता ओळख. स्टेन्सिलवर चित्र नीट उमटत नाही, मागच्या वेळी खेकड्याचं चित्र काढलं तर लोकांनी विचारलं हा कोळी का, म्हणून शब्दांतच सांगतो.

हिचा शंख लांबट, एका बाजूला टोकदार, सात ते नऊ वेढ्यांचा. रंग तपकिरी, त्यावर गडद आणि फिक्या उभ्या पट्ट्या, जणू कुणी काडीने ओढल्यात. पुरी वाढलेली बोटाएवढी लांब असते, कधी तळहात भरते. अंग करडं, तपकिरी, खरखरीत. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, वरची लांब, तिच्या टोकाला डोळे. पहिल्या पावसात आपल्या रानात ज्या छोट्या, चपट्या किंवा पातळ शंखाच्या गोगलगायी निघतात त्या वेगळ्या. त्या आपल्या रानातल्याच आहेत, कुजका पाला खातात, त्यांनी कुणाचा वेल संपवला नाही. ओहोळातल्या, शेतातल्या पाण्यातल्या गोगल्याही वेगळ्या. दिसली गोगलगाय की ठेच, असं करू नका. काही पोरांनी गेल्या आठवड्यात बादलीभर आणल्या त्यात निम्म्या बिचाऱ्या रानातल्या निघाल्या.

अंडी ओळखायला शिका, कारण खरी लढाई तिथे आहे. साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, पिवळसर पांढरी, मऊ मातीत इंच-दोन इंच खाली, झुबक्याने. केळीच्या बुडाशी, उकिरड्याच्या कडेला, दगडाखाली, ओल्या लाकडाखाली सापडतात. एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त. हिच्यात नर-मादी वेगळी नाही, दोन्ही एकाच अंगात, म्हणजे प्रत्येक गोगलगाय अंडी घालणारी. एकदा जोडी झाली की पुढे काही महिने घालत राहते. पिल्लू सहा महिन्यांत तयार होतं आणि चार-पाच वर्षं जगतं. जूनमध्ये एक मोठी वेचली तर सप्टेंबरमधल्या शेकडो वेचाव्या लागत नाहीत, असा हा हिशोब.

घरात का येते, हे बऱ्याच बायांनी विचारलं. कुणी म्हणतं करणी केली, कुणी म्हणतं घरकुलाचा पायाच वाईट. तसं काही नाही. तिला शंख वाढवायला चुना लागतो. आपल्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीत तिला काही मिळत नाही. घरकुलाच्या सिमेंटच्या भिंती, शाळेची चुना लावलेली भिंत, विहिरीचा कठडा, संडासाची टाकी, हे ती रात्रभर खरवडते. म्हणून पक्क्या घरात जास्त. दुसरं, दिवसा तिला गारवा आणि अंधार पाहिजे. मोरीजवळ, हंड्याखाली, लाकडांच्या ढिगात ती बसते. मोरीचं पाणी घराशी मुरू देऊ नका, चर काढून लांब सोडा. लाकडं भिंतीला टेकवून रचू नका.

आता नीट ऐका. तिला नुसत्या हाताने धरू नका. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, तो उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत जातो. तिथून कच्च्या भाजीवरून, न धुतलेल्या हातावरून किंवा गोगलगाय कच्ची, अर्धकच्ची खाल्ल्याने माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. जोराची डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या असं झालं तर दवाखान्यात न्या आणि गोगलगायीला हात लागला होता हे डॉक्टरला सांगा. भगताकडे वाटलं तर नंतर जा. पोरांना शंखाशी खेळू देऊ नका. रिकामा वाटला तरी आत असू शकते. परसातली काकडी, कोथिंबीर धुतल्याशिवाय तोंडात नको. आपल्यात ओहोळातल्या गोगल्या, खेकडे खातात, ही मोठी आहे म्हणून खाऊन बघू असं दोघांनी म्हटल्याचं कानावर आलंय. नको.

मारायचं कसं? संध्याकाळी अंधार पडल्यावर आणि पहाटे उजेडाआधी ती बाहेर असते. तेव्हा बॅटरी घेऊन, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून किंवा बांबूच्या चिमट्याने वेचायची. बादलीत मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी, त्यात टाकायची. मेल्यावर घरापासून, विहिरीपासून लांब, गुडघाभर खड्ड्यात, वर चुना आणि माती. मीठ बादलीतच वापरा. एका भावाने रागाने अख्ख्या वाफ्यात मीठ फेकलं. गोगलगायी मेल्या, पण वाफाही गेला. दिवसा पकडायची असेल तर गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधावर ठेवा, पपईची पानं, कोबीचा पालापाचोळा ठेवला तरी चालतं. सकाळी गोणपाट उलटा, खाली जमलेल्या दिसतील. वाफ्याभोवती कोरडा चुना किंवा राख वीतभर रुंद टाकली तर ती ओलांडत नाही, पण पाऊस पडला की ते वाहून जातं. म्हणजे आपल्याकडे आषाढात त्याचा उपयोग कमीच, हे पत्रक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

खरा मोका उन्हाळ्यात आहे. पाऊस सरला की ती शंखाच्या तोंडाला पांढरट पडदा लावून महिनोन् महिने झोपते. दगडी बांधात, लाकडाखाली, पायाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत. मार्च ते मे तिला कुठे पळायला नाही. चिखल नाही, पाऊस नाही, रात्रीची जाग नाही. तेव्हा शोधून काढायच्या. नेमकं तेव्हा आपण वीटभट्टीवर आणि वाळूवर असतो. घरी म्हातारी आणि पोरं. म्हणून ही साधी वाटणारी गोष्टसुद्धा होत नाही. मोहीम राबवा म्हणून पत्रक काढणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द. राग आला तर येऊ द्या.

एका पाड्याने पोतंभर वेचल्या आणि ओहोळापलीकडे दुसऱ्या पाड्याच्या हद्दीत ओतल्या. आपल्याकडच्या गेल्या म्हणून तिथे आनंद. आठ दिवसांत पलीकडच्यांनी त्याच परत आणून ओतल्या, आणि त्यावरून भांडण, शिव्या, एकाचं डोकं फुटलं. दोन्ही पाडे आपले, दोन्हीकडे संघटनेचा झेंडा. फॉरेस्टवाल्याने चर खणले तेव्हा हेच दोन पाडे रात्रभर एकत्र बसले होते. मग एका गोगलगायीने तुम्हाला फोडलं काय? ती ओहोळ ओलांडते, शेजाऱ्याच्या बांधाखाली अंडी घालते. एका घराने वेचून काही होत नाही. पूर्ण पाडा, आणि शेजारचा पाडा, एकाच रात्री, असं केलं तरच फरक दिसतो.

दुसरं औषधाचं. बाजारातल्या एका दुकानदाराने आमच्या एका भावाला किड्यांचं दाणेदार विष विकलं, गोगलगायीवर चालतं म्हणून. गोगलगाय किडा नाही. किड्यांची बहुतेक औषधं तिच्यावर चालत नाहीत. पैसे गेले, तीन कोंबड्या गेल्या, घराचा कुत्रा तडफडून मेला. गोगलगायी तशाच. गोगलगायीसाठी म्हणून जे औषध आहे त्याचं नाव मेटाल्डिहाइड, अडीच टक्क्याच्या गोळ्या, एकरी दोन किलो असं सांगतात. ते चालतं. पण तेही कुत्र्याला, कोंबडीला, लेकराला तितकंच घातक आहे. घराच्या आत, अंगणात, विहिरीजवळ, ओहोळाकाठी एक दाणाही नको. आधी वेचा. वेचून आटोक्यात येत नसेल आणि शेत घरापासून लांब असेल तरच, आणि तेही पाड्यात सगळ्यांना सांगून, जनावरं बांधून. आणि गोळ्या आपण विकत का आणायच्या? इतरांना अनुदानात मिळतात, आपल्याकडे सातबारा मागतात.

तिसरा शहाणपणा शहरातून आलेल्या एका भल्या माणसाने सांगितला, गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडा म्हणून. हा प्रयोग झालेला आहे. पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवर अमेरिकेतली मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिने मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला सोडलं आणि बेटावरच्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या छोट्या गोगलगायी खाऊन संपवल्या. एक बाहेरची संपवायला दुसरी बाहेरची आणायची नाही. आपल्या रानावर असे प्रयोग पुष्कळ झालेत, साग आणि निलगिरी आपण अजून भोगतोय.

सरकारला हे जमत नाही असं नाही. अमेरिकेतल्या मायामी शहरात १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी खिशातून आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांहून जास्त सापडल्या. तिथल्या सरकारने माणसं लावली, पैसे घातले, दहा वर्षांच्या आत सगळ्या संपवल्या. त्या आजीला कुणी पट्टा दाखव म्हटलं नाही. लांब कशाला, आपल्याच राज्यात २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत याच शंखी गोगलगायीने सोयाबीनचे कोवळे कोंब खाल्ले. लोकांना दुबार, तिबार पेरणी करावी लागली. तिथे पंचनामे झाले, सरकारने मदत जाहीर केली. तिथल्या शेतकऱ्याला मिळालं याचं आम्हाला वाईट वाटत नाही, त्याला अजून जास्त मिळायला पाहिजे होतं. प्रश्न एवढाच की तीच गोगलगाय, तोच पाऊस, तेच कोंब, मग आमच्या वाफ्यातलं नुकसान नुकसान का नाही?

आणि खरा धोका पुढे आहे, त्यासाठीच हा अंक.

काही पाड्यांवर दाव्यांची पाहणी अजून व्हायची आहे, काहींची फेरतपासणी आहे. समजा पाहणीला आले आणि तुमच्या प्लॉटमध्ये वाल नाही, चवळी नाही, भाजी नाही, सगळं खाल्लेलं. कागदावर एकच शब्द पडेल, पडीक. मग म्हणतील कबजाच नाही, दावा फेटाळला. ज्यांचे दावे असे एका शब्दावर फेटाळले गेले त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश आला तेव्हाचे ते पंधरा दिवस आठवा. २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली म्हणून आपण आज आवणी करतोय.

म्हणून ज्याचं पीक गेलं त्याने गप्प बसायचं नाही. वनहक्क समितीला लगेच सांगायचं. समितीने प्लॉटवर जाऊन साध्या कागदावर पंचनामा करायचा: कुणाचा प्लॉट, काय पेरलं होतं, कधी पेरलं, किती खाल्लं, गोगलगायी किती सापडल्या. शेजारच्या दोन दावेदारांच्या सह्या किंवा अंगठे. मोबाईलवर फोटो, बांध दिसेल असा, जुनं झाड दिसेल असं. हे सगळं ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यायचं. ठरावाची एक प्रत गावाकडे, एक दाव्याच्या फाईलला, एक तालुक्याला, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आम्ही सोडलं, ती आमची चूक. ग्रामसभेचा ठराव साहेबाला आवडो न आवडो, तो कागद आहे, आणि या जमिनीवर या साली कोण राबत होतं ते त्यात लिहिलेलं असतं. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला आहे, तेव्हा म्हाताऱ्यांचं म्हणणंही जोडा.

फॉरेस्टचा माणूस एकटाच येऊन शेत बघून गेला, वहीत काही लिहून गेला, तर ती पाहणी नव्हे. पाहणी वनहक्क समिती करते, दावेदाराला आणि वनखात्याला आधी कळवून. त्याने काय लिहिलं ते तिथल्या तिथे विचारा.

ज्यांना पट्टा मिळालाय त्यांनी तर मुळीच ऐकून घ्यायचं नाही. २०१२ च्या सुधारित नियमांतला सोळावा नियम सांगतो की हक्क मान्य झालेल्यांना जमीन सुधारणेच्या, उत्पादन वाढवण्याच्या सगळ्या सरकारी योजना मिळाल्या पाहिजेत. पट्टाधारकाला सातबारा माग म्हणून परत पाठवणारा कर्मचारी स्वतःच कायदा मोडतोय. हा नियम मोठ्या अक्षरात लिहून सोबत न्या.

आमचं मागणं फार नाही. दावा आहे, पट्टा आहे, सातबारा आहे, हे न बघता नुकसानीचा पंचनामा. गोळ्या, चुना, हातमोजे ग्रामसभेच्या ताब्यात. मार्च ते मे गोगलगायी वेचायचं काम रोजगार हमीत, म्हणजे माणूस भट्टीवर न जाता पाड्यावर राहील. वेचणं हे काम आहे, चिखलातलं, रात्रीचं, घाणीचं काम आहे, लोकसहभाग म्हणून फुकटात करून घ्यायचं नाही. आणि इथून पुढे कुठल्याही योजनेचं रोप पिशवीच्या मातीसकट पाड्यावर येणार असेल तर ग्रामसभा आधी ती पिशवी फोडून बघेल. अंडं सापडलं तर गाडी परत.

येत्या अमावास्येला सगळ्या पाड्यांनी एकाच रात्री वेचायचं ठरलंय. जेवण लवकर उरका. दोन घरांमागे एक बादली, मीठ घरचं. मोजायचं पायलीने, कुठल्या पाड्याने किती पायली ते वहीत लिहायचं, सकाळी खड्ड्यात टाकण्याआधी फोटो. ओहोळाच्या दोन्ही बाजूचे पाडे एकाच खड्ड्यात टाकणार आहेत, तो खड्डा ओहोळाला लागून नको म्हणून वरच्या माळावर खणायचा आहे. डोकं फुटलेला भाऊ फावडं घेऊन येतो म्हणालाय. वही घेऊन नंतरच्या सोमवारी तालुक्याला जायचं आहे, या वेळी चौघं नाही, प्रत्येक पाड्यातून दहा. दाव्याच्या पोचेची झेरॉक्स आणि पंचनाम्याचा कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा, पाऊस आहे.